ठाणे-कल्याणच्या पोलिसांना जाब कोण विचारू शकतं? तुम्ही निवडून दिलेल्या नगरसेवकाच्या हातात नेमकं काय असतं?

डोंबिवलीतल्या एखाद्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री साडेअकराला मेसेज पडतो. पार्किंगमधल्या दोन बाईकचं पेट्रोल पुन्हा चोरीला गेलंय, गेटबाहेर टोळकं बसलेलं असतं, पोलिसांची गाडी काही फिरकत नाही. पाच मिनिटांत कुणीतरी लिहितं, "नगरसेवकांना फोन लावा, ते सिनिअर पीआयशी बोलतील."

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत राहणाऱ्यांना हा सल्ला नवा नाही. अनेकदा त्याचा उपयोगही होतो. नगरसेवक फोन करतात, दोन-तीन रात्री गस्तीची गाडी दिसते.

पण कायद्याच्या पुस्तकात असा फोन करण्याचा अधिकार नगरसेवकाला कुठे दिलाय हे शोधायला गेलात, तर हाती काही लागणार नाही. समजा, पोलीस निरीक्षकांनी फोन उचललाच नाही, तर नगरसेवक त्यांना सभागृहात बोलावून जाब विचारू शकत नाही. महापौरही नाही आणि महापालिका आयुक्तही नाही.

१५ जानेवारी २०२६ ला ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांसाठी मतदान झालं. कल्याण-डोंबिवलीत पाच वर्षांहून जास्त काळ आणि ठाण्यात जवळपास चार वर्षं प्रशासकाचा कारभार होता. आता नगरसेवक आले, महापौर आले. मग त्यांच्या शहरातल्या पोलिसांवर त्यांची काही देखरेख असते का? इतर देशांत पोलिसांवर लक्ष ठेवणारा माणूस लोक थेट निवडून देतात, तसं इथे होऊ शकतं का? समजून घेऊया.

तुमचं पोलीस ठाणं नक्की कुणाच्या हाताखाली येतं?

ठाणे पोलीस आयुक्तालय फक्त ठाणे शहरापुरतं नाही. त्याची पाच परिमंडळं आहेत: ठाणे, भिवंडी, कल्याण, उल्हासनगर आणि वागळे इस्टेट. महात्मा फुले चौक, बाजारपेठ, कोळसेवाडी, खडकपाडा, विष्णूनगर, टिळकनगर, मानपाडा ही पोलीस ठाणी कल्याण परिमंडळात येतात.

म्हणजे एकाच पोलीस आयुक्तांच्या हद्दीत ठाणे, कल्याण-डोंबिवली, भिवंडी-निजामपूर आणि उल्हासनगर या चार महापालिका आहेत. शिवाय अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या दोन नगर परिषदा आहेत.

याच्या उलटंही घडतं. टिटवाळा कल्याण-डोंबिवली महापालिकेत आहे, पण तिथलं कल्याण तालुका पोलीस ठाणं ठाणे ग्रामीण पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीत आहे. ऐरोली, वाशी हे भाग ठाणे जिल्ह्यात आहेत, पण त्यांच्यासाठी नवी मुंबईचं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. मीरा-भाईंदर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयात गेलं. आणि कल्याण स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर मोबाईल चोरीला गेला, तर तक्रार लोहमार्ग पोलिसांकडे करायची.

थोडक्यात, तुमच्या प्रभागाचा नकाशा आणि पोलिसांचा नकाशा हे दोन वेगळे नकाशे आहेत. ही बाब पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

पोलिसांची उतरंड अशी असते: पोलीस ठाण्यात वरिष्ठ पोलीस निरीक्षक, त्यांच्यावर सहायक पोलीस आयुक्त, मग परिमंडळाचे पोलीस उपायुक्त, त्यांच्यावर अपर पोलीस आयुक्त आणि पोलीस आयुक्त. आयुक्तांच्या वर राज्याचे पोलीस महासंचालक आणि शेवटी मंत्रालयातला गृह विभाग.

या सगळ्या शिडीवर लोकांनी निवडून दिलेला माणूस फक्त सगळ्यात वरच्या पायरीवर भेटतो. तो म्हणजे राज्याचा गृहमंत्री.

महापालिकेला पोलिसांवर अधिकार का नाही?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राने काय करायचं आणि राज्याने काय करायचं याच्या याद्या आहेत. त्यातल्या राज्य सूचीत पहिलाच विषय सार्वजनिक सुव्यवस्था आहे आणि दुसरा पोलीस.

१९९२ मध्ये ७४वी घटनादुरुस्ती झाली. तिने शहरांच्या कारभाराला घटनेत स्थान दिलं आणि बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे सोपवता येतील असे १८ विषय लिहिले. रस्ते, पाणीपुरवठा, कचरा, झोपडपट्टी सुधारणा, पथदिवे, अग्निशमन, स्मशानभूमी, कत्तलखाने हे सगळं त्या यादीत आहे. पोलीस नाहीत.

महाराष्ट्रात पोलिसांचा कारभार १९५१ च्या कायद्यावर चालतो. पूर्वी त्याचं नाव मुंबई पोलीस अधिनियम होतं, आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम आहे. या कायद्याचं कलम ४ सांगतं, की पोलीस दलावरची देखरेख राज्य शासनाकडे असेल.

ग्रामीण जिल्ह्यात पोलीस अधीक्षकांच्या जोडीला जिल्हाधिकारी असतात. कायदा-सुव्यवस्थेबाबतचे काही अधिकार, उदाहरणार्थ मनाई आदेश काढणं, त्यांच्याकडे असतं. पोलीस आयुक्तालयात हे अधिकारही पोलिसांकडेच येतात. ठाण्यात किंवा कल्याणमध्ये सणांच्या आधी जमावबंदीचा आदेश निघतो, तो पोलिसांच्या सहीने. एखाद्याला तडीपार करण्याचा आदेशही पोलीस उपायुक्त काढू शकतात.

म्हणजे शहर मोठं झालं, आयुक्तालय आलं, की पोलिसांचे अधिकार वाढतात. त्या प्रमाणात स्थानिक पातळीवर त्यांना प्रश्न विचारणारी यंत्रणा मात्र वाढत नाही.

मग महापालिका आणि पोलिसांचा संबंध येतो कुठे?

रोज येतो. डोंबिवली किंवा कल्याण स्टेशनबाहेरच्या फेरीवाल्यांचं उदाहरण घ्या. रेल्वे स्थानकापासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई आहे, हे मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं. कारवाई महापालिकेच्या पथकाने करायची, पण वादावादी होऊ नये म्हणून पोलीस बंदोबस्त लागतो. बेकायदा इमारत पाडायची असेल तरी तेच.

बंदोबस्त मिळाला नाही की कारवाई पुढे ढकलली जाते. महापालिका म्हणते पोलीस मिळाले नाहीत, पोलीस म्हणतात मनुष्यबळ नव्हतं. नागरिकाला दोन्हीकडून उत्तर मिळतं, पण जबाबदार कोण ते कळत नाही.

दुसरं उदाहरण सीसीटीव्हीचं. चौकाचौकांत लागणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी महापालिकेचा, आमदारांचा किंवा जिल्हा नियोजन समितीचा निधी वापरला जातो. कॅमेऱ्यातलं चित्रण पोलीस पाहतात. पैसा मंजूर करणारे लोकप्रतिनिधी असतात, पण त्या पैशातून गुन्हे कमी झाले का, हे विचारण्यासाठी ते पोलिसांना बांधील करू शकत नाहीत.

आमदार काय करू शकतात?

कायद्याच्या चौकटीत सर्वात जास्त वजन आमदाराच्या प्रश्नाला आहे. पोलीस राज्य सरकारला उत्तर देतात, सरकार विधिमंडळाला उत्तर देतं. त्यामुळे आमदार तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना मांडू शकतो आणि गृहमंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावं लागतं.

ठाणे जिल्ह्यात विधानसभेचे १८ मतदारसंघ आहेत. पण विधानसभा २८८ जणांची, अधिवेशनं वर्षातून मोजकीच आणि प्रश्नांची यादी लांबलचक. कोळसेवाडीतल्या रात्रीच्या गस्तीचा प्रश्न तिथपर्यंत पोहोचणं सोपं नाही.

सभागृहाबाहेर मात्र आमदारांचा प्रभाव खूप असतो आणि तो नोंदवला जात नाही. अमुक अधिकारी आपल्या मतदारसंघात हवा किंवा नको, ही शिफारस कोणत्या कागदावर लिहिली जाते आणि कोणत्या फोनवर होते, हे मतदाराला कधी कळत नाही.

बदल्या हाच खरा कळीचा मुद्दा का आहे?

कारण पोलीस अधिकाऱ्याला कुणाचं ऐकायचं हे अनेकदा बदलीची भीती ठरवते.

उत्तर प्रदेश आणि आसामचे माजी पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २२ सप्टेंबर २००६ ला निकाल लागला आणि न्यायालयाने सात निर्देश दिले. सरकारने पोलिसांवर अवाजवी दबाव आणू नये म्हणून राज्य सुरक्षा आयोग, अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ, बदल्यांसाठी पोलीस आस्थापना मंडळ आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण, हे त्यातले प्रमुख.

महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून ही रचना आणली. कागदावर आता राज्य सुरक्षा आयोग आहे. त्याचे अध्यक्ष गृहमंत्री, सदस्यांमध्ये विधानसभेतले विरोधी पक्षनेते, मुख्य सचिव आणि सरकारने नेमलेले पाच अशासकीय सदस्य. अधिकाऱ्यांना साधारणपणे दोन वर्षांचा कार्यकाळही मिळाला.

पण कलम २२न मध्ये एक वाट ठेवली आहे. अपवादात्मक परिस्थितीत, लोकहितासाठी किंवा प्रशासकीय निकड म्हणून मुदतीआधीही बदली करता येते. आयपीएस अधिकाऱ्यांच्या बाबतीत हा अधिकार मुख्यमंत्र्यांकडे आहे. उपअधीक्षक आणि त्यावरच्या राज्य सेवेतल्या अधिकाऱ्यांबाबत तो गृहमंत्र्यांकडे आहे.

या संपूर्ण रचनेत महापालिका, नगर परिषद किंवा जिल्हा परिषद यांना कुठेही जागा नाही.

एक जागा मात्र आहे, ती फारशी कुणाला माहीत नाही

२ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी विरुद्ध बलजित सिंग या खटल्यात एक महत्त्वाचा आदेश दिला. देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसवायचे. प्रवेशद्वार, कोठडी, मार्गिका, निरीक्षकांची खोली, मागची बाजू, काहीही सुटता कामा नये. चित्रण १८ महिने जपायचं आणि ते शक्य नसेल तरी किमान एक वर्ष.

या कॅमेऱ्यांवर लक्ष ठेवायला दोन समित्या सांगितल्या, एक राज्य पातळीवर आणि एक प्रत्येक जिल्ह्यात. जिल्हा समितीत विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि चौथा सदस्य म्हणून जिल्ह्यातल्या एखाद्या नागरी संस्थेचा महापौर, ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचा प्रमुख.

समितीचं काम फक्त कॅमेरे चालू आहेत का हे बघण्याचं नाही. पोलीस ठाण्यात एखाद्याच्या हक्कांवर गदा आली, पण तक्रार झालीच नाही, असं काही घडलंय का, हे चित्रण तपासून पाहणं हेही तिच्या कामात आहे. दर महिन्याला अहवाल राज्य समितीकडे द्यायचा आहे.

म्हणजे पोलीस ठाण्याच्या आत काय चालतं हे पाहण्यासाठी स्थानिक निवडून आलेल्या व्यक्तीला दिलेली ही एक खुर्ची आहे.

आता तारखा बघा. कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, म्हणजे हा आदेश येण्याच्या जेमतेम काही आठवडे आधी. ठाण्याची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर दोन्हीकडे जानेवारी २०२६ पर्यंत महापौरच नव्हता.

आता महापौर आहेत. ठाणे जिल्ह्यात सहा महापालिका आहेत. मग या समितीत कोणता महापौर बसणार, हा प्रश्न कुणीही नागरिक आपल्या नगरसेवकाला विचारू शकतो.

उत्तर मिळायची जागाच नसेल तर काय होतं?

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचं उघड झालं. गुन्हा नोंदवून घ्यावा म्हणून पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास थांबावं लागलं, असा आरोप झाला. २० ऑगस्टला हजारो लोक बदलापूर स्थानकात रुळांवर उतरले. कित्येक तास लोकल बंद होत्या.

त्यानंतर वेगाने गोष्टी घडल्या. पोलीस अधिकाऱ्यांचं निलंबन झालं, तपास विशेष पथकाकडे गेला, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पुढे २३ सप्टेंबरला अटकेतला आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला आणि त्यावरूनही न्यायालयाने पोलिसांना प्रश्न विचारले.

यातली प्रत्येक कारवाई मंत्रालयातून किंवा न्यायालयातून आली. बदलापूर शहरात पोलीस अधिकाऱ्याला समोर बसवून "उशीर का झाला?" असं विचारण्याचा अधिकार असलेली एकही निवडून आलेली व्यक्ती नव्हती. नगर परिषदेवर त्या वेळी प्रशासक होता. पण नगराध्यक्ष आणि नगरसेवक असते, तरी कायद्याने त्यांनाही तो अधिकार नव्हताच.

भिवंडीत काय करून पाहिलं होतं?

याच ठाणे आयुक्तालयात एक वेगळा प्रयोग झाला होता. भिवंडीत १९७० आणि १९८४ मध्ये मोठ्या दंगली झाल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसं त्यात घेतली आणि पोलिसांना त्या वस्त्यांशी जोडून दिलं. नळावरच्या भांडणापासून मिरवणुकीच्या मार्गापर्यंत सगळं तिथे बोललं जाऊ लागलं.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही मोहल्ला कमिटीची चळवळ उभी राहिली, ती ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे अशा लोकांच्या पुढाकाराने.

पण या कमिट्या निवडून आलेल्या नव्हत्या आणि कायद्याने बांधलेल्याही नव्हत्या. अधिकाऱ्याला रस असेल तोवर त्या चालणार होत्या. जुलै २००६ मध्ये भिवंडीत एका पोलीस ठाण्याच्या बांधकामाच्या जागेवरूनच वाद पेटला, पोलिसांचा गोळीबार झाला, लोक मेले आणि दोन पोलिसांचीही हत्या झाली. पोलीस ठाणं कुठे बांधायचं, या प्रश्नावर चर्चेला कायमची जागा नसण्याची ती किंमत होती.

आजही गणेशोत्सव किंवा ईदच्या आधी पोलीस ठाण्यांत शांतता समितीच्या बैठका होतात. त्यांना कुणाला बोलवायचं हे पोलीसच ठरवतात.

गावात काही वेगळं आहे का?

थोडंसं. कल्याण किंवा भिवंडी तालुक्यातल्या गावात पोलीस पाटील असतो. पूर्वी पाटीलकी वंशपरंपरेने चालायची. आता १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमानुसार सरकारी अधिकारी त्याची नेमणूक करतात. म्हणजे पोलीस पाटीलही निवडून येत नाही.

२००७ मध्ये १५ ऑगस्टला तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या काळात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तिची समिती ग्रामसभेत ठरते. पोलिसांच्या कामाच्या जवळची समिती गावकऱ्यांनी ठरवायची, याचं महाराष्ट्रातलं हे सगळ्यात ओळखीचं उदाहरण. पण तिचं काम गावातले तंटे सामोपचाराने मिटवणं आहे, पोलिसांना जाब विचारणं नाही.

इतर देशांत कसं चालतं?

अमेरिकेत बहुतांश काउंटींमध्ये शेरीफ थेट निवडून येतो आणि तोच पोलीस दल चालवतो. आपल्याकडे मुंबईचा शेरीफ, म्हणजे नगरपाल, हे फक्त मानाचं आणि नेमणुकीचं पद आहे. नाव तेच, पण दोघांच्या कामाचा काही संबंध नाही.

ब्रिटनमध्ये वेगळा मार्ग निवडला गेला. २०११ च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधल्या बहुतेक पोलीस क्षेत्रांसाठी प्रत्येकी एक पोलीस आणि गुन्हे आयुक्त थेट लोकांनी निवडायचा असं ठरलं. हा आयुक्त गणवेशातला पोलीस नसतो. तो पोलीसप्रमुखाची नेमणूक करतो, गरज पडल्यास त्याला हटवतो, अर्थसंकल्प ठरवतो आणि कोणत्या गुन्ह्यांवर भर द्यायचा याचा आराखडा करतो. कुणाला अटक करायची, कोणता तपास कसा करायचा, यात मात्र त्याने पडायचं नाही.

१५ नोव्हेंबर २०१२ ला ४१ क्षेत्रांत पहिली निवडणूक झाली. मतदान झालं सुमारे १५ टक्के. लोकांना हे पद काय आहे हेच नीट कळलं नव्हतं. पुढे मतदान काहीसं वाढलं, पण हे पद लोकांच्या फारसं परिचयाचं झालं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्रिटन सरकारने जाहीर केलं, की मे २०२८ मध्ये ही पदं बंद करून त्यांचं काम महापौरांकडे किंवा स्थानिक परिषदांच्या नेत्यांकडे दिलं जाईल.

म्हणजे ज्या देशाने पोलिसांवर देखरेखीसाठी वेगळा माणूस निवडून पाहिला, तो आता ते काम आधीच निवडून आलेल्या स्थानिक नेत्यांकडे नेतोय. पण देखरेख स्थानिक आणि निवडून आलेल्या लोकांकडे असावी, हे तत्त्व त्यांनी सोडलेलं नाही.

मग ठाण्यात असा माणूस निवडून द्यावा का?

बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा सरळ आहे. आजही राजकीय लोक पोलिसांवर प्रभाव टाकतातच, फक्त तो फोनवर असतो. एखादं पद असेल, त्याच्या बैठका उघड होत असतील, इतिवृत्त लिहिलं जात असेल, तर निदान कोण काय म्हणालं ते लोकांना दिसेल. आणि काम आवडलं नाही तर पाच वर्षांनी घरी पाठवता येईल.

विरोधातला मुद्दाही तितकाच वजनदार आहे. २ फेब्रुवारी २०२४ ला उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात गोळीबार झाला. कल्याण पूर्वचे भाजपचे तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांना शिवसेनेचे महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्याच्या आरोपाखाली अटक झाली. वादाच्या मुळाशी जमिनीचं प्रकरण असल्याचं समोर आलं. दोन्ही पक्ष तेव्हा राज्यात एकत्र सत्तेत होते.

जिथे जमीन, बांधकाम आणि राजकारण इतकं गुंतलंय, तिथे पोलिसांवरचा निवडून आलेला देखरेख करणारा कुणाच्या पैशावर निवडून येईल, ही भीती निराधार म्हणता येत नाही. आणि ज्या वस्तीची मतं कमी, त्या वस्तीची तक्रार तो ऐकेल का, हाही प्रश्न आहे.

शिवाय नकाशांचा घोळ आहेच. एका आयुक्तालयात चार महापालिका आणि दोन नगर परिषदा. निवडणूक घ्यायची तर मुंब्रा, भिवंडी, डोंबिवली आणि बदलापूरला मिळून एकच माणूस निवडायचा का?

त्यामुळे प्रश्न फक्त निवडणुकीचा नाही. देखरेख करणाऱ्याला काय विचारता येईल, काय विचारता येणार नाही आणि त्याची नोंद कुठे राहील, हे आधी कायद्यात लिहावं लागेल. गस्त किती, बंदोबस्त का मिळाला नाही, किती तक्रारी आल्या, हे विचारता यायला हवं. याला सोडा, त्याला पकडा, हे मात्र नाही. आज मात्र दुसऱ्या प्रकारचा फोन पहिल्या प्रकारच्या प्रश्नाइतकाच सहज करता येतो आणि दोन्हींची नोंद कुठेच राहत नाही.

आज तुमच्या हातात काय आहे?

कायदा बदलेपर्यंत पुढच्या गोष्टी लक्षात ठेवा.

पोलिसांनी गुन्हा नोंदवून घेतला नाही तर: दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी जवळच्या पोलीस ठाण्यात माहिती देता येते आणि एफआयआरची प्रत मोफत मिळते. नकार मिळाला तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे, आयुक्तालयात पोलीस उपायुक्तांकडे पाठवता येते. तरीही काही झालं नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

पोलिसांविरुद्ध गंभीर तक्रार असेल तर: राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे जाता येतं. त्याचे अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती असतात. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, नियम डावलून अटक, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन किंवा घर बळकावणं, अशा तक्रारी तिथे करता येतात. कायद्यात विभागीय पातळीवरच्या प्राधिकरणाचीही तरतूद आहे. प्राधिकरण आपला अहवाल सरकारला देतं, पुढची कारवाई सरकारने करायची असते.

पोलीस ठाण्यात तुमच्याशी गैरवर्तन झालं तर: तारीख आणि वेळ लगेच लिहून ठेवा. सीसीटीव्हीचं चित्रण कायम राहत नाही, म्हणून ते जपून ठेवण्याची मागणी लवकर आणि लेखी करा.

आमदाराकडून: विधानसभेत प्रश्न विचारण्याची मागणी करा. फोनपेक्षा सभागृहातलं उत्तर मोलाचं, कारण ते छापलं जातं.

नगरसेवकाकडून: महासभेत तो पोलिसांना बोलावू शकत नाही, पण महापालिका प्रशासनाला विचारू शकतो. कॅमेऱ्यांवर किती खर्च झाला, त्यातले किती चालू आहेत, अतिक्रमण कारवाईसाठी किती वेळा बंदोबस्त मागितला आणि किती वेळा मिळाला? ही माहिती महापालिकेकडे असते आणि ती माहितीच्या अधिकारातही मागता येते.

आणि महापौरांना एक प्रश्न: पोलीस ठाण्यांतल्या सीसीटीव्हीवर देखरेख करणाऱ्या जिल्हा समितीची शेवटची बैठक कधी झाली आणि त्यात आपल्यापैकी कोण हजर होतं?

पुढच्या वेळी ग्रुपवर कुणी लिहिलं की "नगरसेवकांना सांगा", तर जरूर सांगा. फक्त सोबत हा प्रश्नही लेखी पाठवा आणि त्याचं उत्तर लेखीच मागा.